बटण नसलेला दिवा

ऊर्जाबचत शिकवणाऱ्या माणसाची खोड काही जात नाही. कोणाकडे पाहुणी म्हणून गेले तरी मी रिकाम्या खोलीतला पंखा बंद करते आणि यजमानीण कपाळाला आठ्या घालून तो परत लावते. रत्नागिरीच्या कॉलेजात हा विषय माझ्या गळ्यात पडला तेव्हा मुलं पहिल्या बाकावर बसून खुशाल डुलक्या काढत. म्हणून एकदा पुस्तक मिटलं आणि म्हटलं, आपापल्या घरात वीज कुठे वाया जाते ते सांगा.

राजापूरकडच्या एका वाडीतली मुलगी उठली. वडील नव्हते, भाऊ मुंबईला, ही वसतिगृहात आणि घरी आई एकटी. म्हणाली, "मॅडम, माझी आई पडवीत रात्रभर पिवळा बल्ब जाळते. दिवेलागणीला लावते ती उजाडल्यावर विझवते. विचारलं तर म्हणते, असू दे." वर्ग हसला. मीही हसले. त्या बल्बवर आम्ही तासभर गणितं केली आणि त्यातूनच तिचा प्रकल्प ठरला: अंधार पडला की आपोआप लागणारा, उजाडलं की आपोआप विझणारा सौरदिवा.

तिने तो खरंच छान केला. बटण ठेवलंच नाही, कारण माणूस विसरतो. मी तो साऱ्या वर्गात मिरवला. गणपतीच्या सुट्टीत तिने तो पडवीच्या खांबावर बसवला आणि जुना बल्ब काढून टाकला. आई कुरकुरली म्हणे, "माजां बटान माज्या हाताखाली बरां व्हतां गो." आम्ही दोघींनी ते हसण्यावारी नेलं.

मग भातकापणी सुरू झाली. कोणाला कोणाकडे फिरकायला सवड नव्हती. वाडीत रेंज नाही, त्यामुळे आई दर रविवारी वरच्या सड्यावर, उघड्या माळावर चढून मुलीला फोन करायची. एका रविवारी फोन आला नाही. दुसऱ्या दिवशी पोरगी एसटीने घरी गेली. आई न्हाणीमागच्या शेवाळलेल्या चिऱ्यांवर पडलेली होती. डॉक्टर म्हणाले, पडल्यावर लगेच गेली नसावी. हे त्यांनी मुलीसमोर बोलायची काही गरज नव्हती. मला त्यांचा अजून राग येतो.

तेराव्याच्या कार्याला मी तिच्या घरी गेले. मळ्यापलीकडे राहणाऱ्या काकी आमच्याजवळ येऊन बसल्या. त्याही एकट्याच, त्यांचाही मुलगा मुंबईला. त्यांच्याकडून कळलं ते असं. काकी आणि मुलीची आई, दोघींचं बरीच वर्षं ठरलेलं होतं. तिन्हीसांजेला समोरच्या पडवीत उजेड दिसला की समजायचं, आहे. दिसला नाही तर चुलीवरचा भात उतरवून आधी मळा ओलांडायचा. मुलांना त्यांनी यातलं अक्षर सांगितलं नव्हतं. आपल्याला एकटीला भीती वाटते हे मुंबईला कळलं तर मुलगे येऊन घराला कुलूप लावतील आणि आपल्याला घेऊन जातील, हे दोघींना पक्कं ठाऊक होतं.

पडवीतला दिवा बदललाय हे काकींना दिसलं होतं. मुलीने केलाय, एवढंच आईने त्यांना कौतुकाने सांगितलं होतं. तो आपला आपण लागतो, हे नव्हतं सांगितलं.

"दिवा रोज लागत व्हता गो बाय," काकी मुलीला म्हणाल्या. "मी म्हटलां, हाय."

मला तिच्या पाठीवर हात ठेवायचा होता, पण मला तिथून पळून जावंसं वाटत होतं.

बाहेर काळोख होऊ लागला आणि पडवीतला दिवा लागला. त्याचा पांढरा उजेड थेट माजघरापर्यंत आला. काकी ताडकन उठल्या, पडवीत गेल्या आणि खांब, भिंत, चौकट हाताने चाचपू लागल्या.

"ह्येचां बटान कुठं हाय?" त्या ओरडल्या. "बंद कर तो आधी!"

"नाही ठेवलं, काकी," मुलगी आतूनच म्हणाली.