डाव्या कानातली आई

सकाळी शाळेत निघायच्या घाईत कन्नडहून आईचा फोन आला. उजव्या हातात डबा होता, म्हणून फोन डाव्या कानाला लावला. पलीकडं काहीच नाही. दोनदा हॅलो म्हणून ठेवून दिला. लगेच पुन्हा वाजला. या वेळी उजव्या कानाला धरला, तर आई चिडलेली.

"मघापासून बोलतेय मी. तोंडात गुळणी धरली काय?"

मला वाटलं, कानात मळ साचला असेल. नवराही तेच म्हणाला. दुकानातून थेंब आणून टाकत राहिले. मग एक दिवस शिकवताना वर्ग गरकन फिरला आणि फळ्याला धरून उभी राहिले, तेव्हा कुठं आम्ही दोघं औरंगपुऱ्यातल्या कानाच्या डॉक्टरीणबाईंकडं गेलो.

"मळ नाही. आतल्या नसेचं ऐकणं अचानक गेलंय," त्या म्हणाल्या.

"पण कशानं?"

"बहुतेकांच्या बाबतीत कारण सापडतच नाही."

आधी स्टेरॉईडच्या गोळ्या झाल्या, मग कानाच्या पडद्यातून इंजेक्शनं. कुणाचं ऐकणं पूर्ण परत येतं, कुणाचं अर्धं, कुणाचं येतच नाही, असं त्यांनी आधीच सांगितलं होतं.

माझं आलं. निदान तसं वाटलं. पंख्याची घरघर डावीकडून ऐकू आली त्या दिवशी नवऱ्यानं पेढे आणले. मी आईला फोन लावला, मुद्दाम डाव्या कानाशी. पत्र्याच्या डब्यात तोंड घालून कुणी परकी बाई बोलत होती. आवाज होता, शब्द नव्हते. मी घाबरून कान बदलला.

"आई, तूच आहेस ना?"

"व्हय गं, दुसरी कोण असंल?"

या गोष्टीला बरीच वर्षं झाली. दर तपासणीत डॉक्टरीणबाई आलेख दाखवून म्हणतात, उपचाराचा चांगलाच उपयोग झाला. मग शब्द का कळत नाहीत? "आवाज पोचणं वेगळं, तो उलगडणं वेगळं." आधी आले असते तर? "सांगता येत नाही." यंत्र लावून पाहिलं, तर तीच परकी बाई आणखी मोठ्यानं बोलू लागली. गुलमंडीच्या गर्दीत नवरा हाक मारतो आणि मी भलतीकडंच वळते. तो म्हणतो, "बरी झालीस की आता." मी 'हो' म्हणते, आणि कशाला 'हो' म्हटलं ते मला नीट कळत नाही.

गेल्या महिन्यात गुडघा दाखवायला म्हणून आई राहायला आली होती. शेजारीण तिला भेटायला आली आणि माझ्या डाव्या बाजूला बसून काहीतरी विचारू लागली. माझ्या कानाचं विचारत होती की आईच्या गुडघ्याचं?

"आता लई फरक हाय," उजवीकडून आईनं उत्तर दिलं.

शेजारीण समाधानानं हसली. मीही हसले. फरक कुणाला पडला होता, ते विचारायचं मात्र राहून गेलं.