मायची पत्रं

उदगीरच्या कॉलेजात मी इंग्रजी शिकवते. गेल्या उन्हाळ्यात बिलोलीला माहेरी गेले असताना एका अमेरिकन कवयित्रीवरचा तास तयार करत होते. शेजारी माय शेंगा सोलत बसली होती.

"काय वाचून राहिलीस एवढं?" तिनं विचारलं, म्हणून सांगायला लागले.

दीडेकशे वर्षांपूर्वीची ही बाई जन्मभर बापाच्याच घरी राहिली. पुढे तर अंगणाबाहेरही जाईना. माणसांशी बोलायची ती पत्रांतूनच. ती गेल्यावर धाकट्या बहिणीला तिच्या शेकडो कविता सापडल्या. बहिणीनं हट्टानं त्या छापायला लावल्या आणि आज त्या जगभर शिकवतात.

"आन् पत्रं?"

"तिला आलेली पत्रं बहिणीनं जाळली. तिनंच तसं सांगून ठेवलं होतं."

मायचा हात थांबला. "माझ्याच्यानं न्हाई झालं बघ ते."

माझी मावशी दोन वर्षांपूर्वी लातूरला वारली. मायनं लग्नानंतर तिला लिहिलेली पत्रं तिनं जपून ठेवली होती. त्यात सासरची गाऱ्हाणी होती, म्हणून शेवटच्या दुखण्यात तिनं ती मायच्या हाती दिली आणि जाळून टाक म्हणाली.

मायनं कपाटातून पिशवी आणली. "मला आता दिसत न्हाई. तू वाच."

वरच्याच पत्रात माझ्या जन्माची बातमी होती. 'मुलगी झाली. घरात कुणी बोलेना. पण अक्का, मला लई आवडली.'

मला पुढचं अक्षर दिसेना. मायनं माझ्या पाठीवरून हात फिरवला.

"वाच की पुढं," ती म्हणाली.