पांढऱ्या पायाची द्राहा

आमच्या होरकोव गावातली चाळिशीच्या आतली बहुतेक माणसं द्राहा कौत्नाच्या हातचे क्नेडलीक, म्हणजे पिठाचे उकडलेले गोळे, रश्श्यात बुडवून खाऊनच मोठी झालेली. ती शाळेच्या खानावळीत स्वयंपाकीण. ताटात टाकलेलं तिला खपत नसे, आणि काचवाल्यांना कुणी नावं ठेवली तर त्याहून खपत नसे. काचवाले म्हणजे आमचा बर्फावरच्या हॉकीचा संघ. काचेचा कारखाना अर्धाअधिक बंद पडला, स्टेशनवर जलद गाडी थांबायची बंद झाली, पण संघ मात्र देशाच्या पहिल्या गटात टिकून होता. गावाला मिरवायला तेवढंच उरलं होतं.

स्टेडियममध्ये गोलच्या जाळीमागे उभ्याने पाहायची जी जागा आहे, तिला आम्ही कढई म्हणतो. तिथे खुर्च्या नाहीत. ढोल, झेंडे, बिअरचा वास आणि घसा बसेपर्यंत ओरडणं. लोखंडी कठड्याजवळ, तिसऱ्या खांबाशी, द्राहा आणि तिचा नवरा वेंदा लग्नाच्या आधीपासून उभे राहत आले होते. ती जागा त्यांचीच, हे पासावर लिहिलेलं नव्हतं, पण नवख्या माणसालाही कुणीतरी खांद्याला धरून सांगायचं, "बाबा, जरा सरक. तिथे वेंदा असतो."

ऑगस्टमध्ये वेंदा बागेत बटाटे काढताना खाली बसला, तो उठलाच नाही. सप्टेंबरात हंगाम सुरू झाला तेव्हा द्राहाने त्याचा निळा मफलर त्याच्या जागी कठड्याला बांधला आणि शेजारी उभी राहिली. ढोलवाला बोहौश, वेंदाचा शाळेपासूनचा दोस्त, त्याने त्या दिवशी सामना सुरू व्हायच्या आधी वेंदासाठी ढोल वाजवला. सगळी कढई रडली. मग काचवाले हरले. पुढचाही सामना हरले, त्याच्या पुढचाही.

आता कढईतल्या माणसांचं एक सांगायला हवं. देवळात जातील न जातील, पण शकुन-अपशकुन असा पाळतील की विचारू नका. जिंकत असताना मफलर धुवायचा नाही. सामन्याच्या दिवशी दाढी करायची नाही. बोहौशने एका हंगामात एकच मोज्यांचा जोड घातला, आणि बायकोने त्याला माळ्यावर झोपायला पाठवलं तरी बदलला नाही. आणि कुणी आला की संघ हरतो असं दिसलं, तर त्याला थट्टेथट्टेत बाहेर काढायचं. पूर्वी लिबोर नावाचा एक पोस्टमन यायचा, गप्प, लांब मानेचा. तो आला की गोल खायचो आम्ही. तेव्हा द्राहानेच त्याला म्हटलं होतं, "लिबोर, तुझे पाय पांढरे आहेत रे! जा, बाहेर सॉसेज खात उभा राहा." सगळे खो-खो हसले होते. लिबोरही हसला होता, आणि बाहेर गेला होता.

नोव्हेंबरच्या सुरुवातीला मृतांच्या दिवशी द्राहा वेंदाच्या आईवडिलांच्या गावी त्याच्या थडग्यावर मेणबत्ती लावायला गेली. परतीची बस घाटात बंद पडली. आयुष्यात पहिल्यांदा तिचा घरचा सामना चुकला. गारठलेल्या बसमध्ये पुढच्या सीटवरचा माणूस एकदम ओरडला, "जिंकलो! पाच गोल मारले!" द्राहाने आनंदाने शेजारच्या अनोळखी म्हातारीचा मुका घेतला. पण घरी पोचेपर्यंत तो आनंद कुठेतरी टोचायला लागला होता.

पुढच्या सामन्याला ती हजर आणि संघ पुन्हा भुईसपाट.

"द्राहा," बोहौश ढोल खांद्यावरून उतरवत म्हणाला, "तुझ्या त्या बसवाल्याला सांग, अजून दोन-चारदा घाटात मुक्काम कर म्हणावं."

"त्यापेक्षा तू नीट ढोल वाजव," द्राहा म्हणाली. "वाजवतोस की गादी झोडपतोस?"

सगळे हसले. तीही हसली.

डिसेंबरात तिला ताप आला, घरी राहिली. संघ जिंकला. नाताळानंतर ती गेली, हरले. मग तिने एकदा गुडघा दुखतो अशी थाप मारली आणि मुद्दाम घरी बसली, नुसतं बघावं म्हणून. रेडिओवर शेवटचा भोंगा वाजला तेव्हा काचवाले जिंकले होते, आणि द्राहा स्वयंपाकघरात ओट्याला टेकून उभी होती. तिला काय वाटलं हे तिने कुणाला सांगितलं नाही, पण मी सांगतो. तिला त्या पोरांचा राग आला. 'माझ्यामागे कसे जिंकता रे,' असं वाटलं. मग स्वतःची लाज वाटली.

जानेवारीत ती परत गेली आणि तेव्हा तिच्या एक गोष्ट लक्षात आली. थट्टा थांबली होती. बस, घाट, पांढरे पाय, कुणी चकार शब्द काढीना. पोरं "नमस्कार, मावशी" म्हणत आणि नजर बर्फाकडे वळवत. आपल्याला तोंडावर चिडवतात तोवर आपण त्यांच्यातले, हे तिला ठाऊक होतं. त्या दिवशी काचवाल्यांनी शेवटच्या मिनिटाला गोल खाल्ला. मागून कुणीतरी हळू बोललं, "येझिश मारिया, देवा रे, आली का ती पुन्हा?" आवाज ओळखीचा होता. त्या पोराला लहानपणी बडीशेपेचं सार आवडत नसे म्हणून ती त्याला वेगळं टोमॅटोचं वाढायची.

हंगाम संपता संपता काचवाले तळाला गेले. आता खालच्या गटातल्या पहिल्या संघाशी टिकावाची मालिका खेळायची, हरले की खाली. मालिका सुरू व्हायच्या आदल्या दिवशी दुपारी बोहौश खानावळीच्या मागच्या दाराशी आला. हातात चॉकलेटांचा डबा, वर सोनेरी फीत. आमच्याकडे असा डबा माणूस दोघांसाठी नेतो, डॉक्टरसाठी नाहीतर साहेबासाठी. म्हणजे काम काढून घ्यायचं असेल तेव्हाच. डबा पाहिला आणि द्राहा ओळखून चुकली.

"अरे वा, बोहौश. माझा वाढदिवस तर मे महिन्यात असतो."

"असंच आणला गं."

"तू असंच पाणीसुद्धा पाजत नाहीस कुणाला. बोल."

बोहौशने टोपी काढली, परत घातली. "द्राहा, माझं काही नाही. मी मानत पण नाही असलं."

"मोजे न बदलणारा माणूस म्हणतोय."

"पोरं मानतात ना पण. आणि नुसती आपली पोरं नाहीत, खेळाडूंच्या पण कानावर गेलंय. गोलकीपर सराव करताना त्या कठड्याकडे बघतो म्हणे. फक्त ही मालिका, द्राहा. पुढच्या हंगामात तूच पहिली उभी राहा. मी स्वतः तुला खांद्यावर बसवून नेतो."

"तुझी कंबर मोडेल."

"मोडू दे."

द्राहा भांडी विसळत राहिली. मग म्हणाली, "बरं. मी नाही येत. मफलर आपला झेंडेवाला बोरीवोय बांधेल, त्याला देते."

बोहौश दारातच घुटमळला. नळ वाहत होता.

"बोहौश?"

"मफलर पण नको, द्राहा."

ती वळली. "वेंदाला पण काढताय? मेलेल्या माणसाला?"

"तो गेला आणि हे सगळं सुरू झालं, असं म्हणतात. मी नाही म्हणत. मी कसं म्हणेन? पण..." त्याचे डोळे भरले होते, हे मान्य करायला हवं. "संघ खाली गेला तर गावात राहिलं काय आपल्याकडे?"

तिने डबा घेतला. हीच तिची चूक, असं मला आजही वाटतं. तो त्याच्या टाळक्यात घालायला हवा होता. पण खरं सांगायचं तर तीही कढईतलीच होती, आणि आतून तिलाही ते पटलं होतं. वेंदा असता तर त्यालाही पटलं असतं. आपण प्रेम केलेली गोष्ट आपल्याच नजरेने करपते, ही भीती तिला रात्रंदिवस खात होती.

मालिका शेवटच्या सामन्यापर्यंत खेचली गेली. रविवारी दुपारी, आमच्याच बर्फावर. सगळं गाव स्टेडियममध्ये नाहीतर गुत्त्यात पडद्यासमोर. द्राहाने रेडिओ लावला नाही, कारण ऐकणंही पाहण्यासारखंच असेल तर? पण घरात स्टेडियमचा आवाज येत होता. म्हणून ती कोट घालून बाहेर पडली, नदीकडे, जिथे आवाज कमी पोचतो. एका खिशात वेंदाचा मफलर, पिशवीत तो न उघडलेला डबा. तो का घेतला हे तिला सांगता आलं नसतं. नदीत फेकावा असंही कदाचित मनात असेल.

पुलाजवळच्या बाकावर एक माणूस म्हाताऱ्या कुत्र्याला घेऊन बसला होता. लांब मान. द्राहा थबकली.

"लिबोर? तू सामना सोडून इथे?"

"मी इथेच असतो," लिबोर म्हणाला. "घरचा सामना असला की इथेच. इथे ऐकू येत नाही ना."

"म्हणजे तेव्हापासून?"

"तेव्हापासून."

द्राहा त्याच्या शेजारी बसली. "अरे, पण ती थट्टा होती."

"हो. थट्टाच होती." त्याच्या बोलण्यात कडवटपणा नव्हता, तेच तिला सोसवेना. "पण मी बाहेर सॉसेज खात उभा होतो आणि आत आपण गोल मारला. म्हटलं, नको बाबा उगाच परत जायला. मग पुढच्या वेळीही नको. तू कशी काय इथे?"

"माझेही पाय पांढरे निघाले."

लिबोर हसला नाही. त्याने सरकून जागा केली. द्राहाने सोनेरी फीत सोडली, डबा दोघांच्या मधे ठेवला. बोहौशची लाच दोघांनी मिळून खायला घेतली. लिबोरने कुत्र्याला नको म्हणून डबा थोडा लांब सरकवला. चॉकलेटांच्या आतली चेरीची दारू कडू होती.

आमच्याकडे जिंकलं की गाड्यांचे हॉर्न वाजतात. कारखान्याच्या फाटकापासून चर्चपर्यंत, थांबता थांबत नाहीत. दोघं त्याचीच वाट पाहत होते आणि त्याबद्दल बोलत नव्हते. सामना संपायची वेळ झाली. संपून गेली. पलीकडच्या रस्त्यावरून एक गाडी आली आणि हॉर्न न वाजवता निघून गेली. मग दुसरी गेली.

"गेले खाली," लिबोर म्हणाला.

द्राहाला पहिल्यांदा काय वाटलं असेल, तर सुटका. मी नव्हते! मी तिथे नव्हते, मफलर नव्हता, तरी हरले. म्हणजे माझ्यामुळे नाही, वेंदामुळे नाही. तिला मोठ्याने हसावंसं वाटलं. आणि लगेच डोळ्यांपुढे कढई आली. सगळे एकमेकांच्या गळ्यात पडून रडत असतील, खेळाडू बर्फाभोवतीच्या काचेपाशी येऊन डोकं टेकवून उभे असतील, आणि गावाच्या सर्वांत मोठ्या दुःखाच्या वेळी ती नदीवर चॉकलेट चघळत बसली होती. रडायलासुद्धा तिला बोलावलं नव्हतं.

"मी नव्हते त्याचं कारण," ती म्हणाली. "बघितलंस ना लिबोर? मी नव्हते."

"माहीत आहे मला." लिबोरने कुत्र्याच्या कानामागे खाजवलं. "मी जायचं सोडल्यावर पण हरायचेच की. किती वेळा हरले. पण ते सांगायला मला कुणी आलं नाही."

द्राहाने त्याचा हात धरला. "चल माझ्याबरोबर. आत्ता. दोघं जाऊ."

"नको गं. मला सवय झालीय इथली." तो उठला. "तू जा. तुला अजून झाली नाहीये."

ती एकटी निघाली. स्टेडियमकडून माणसांचा लोंढा उलटा येत होता, सगळ्यांच्या माना खाली. कुणी तिला पाहून नजर चुकवली, कुणी तिला मिठी मारली. फाटकाशी बोहौश ढोलावरच बसला होता, लहान मुलासारखा हुंदके देत. तिला पाहून उठला आणि तिच्या खांद्यावर कोसळला.

"ये परत द्राहा," तो म्हणाला. "मफलर पण आण. आता हरायला उरलंय काय?"

तिने त्याच्या पाठीवरून हात फिरवला. किती केलं तरी वेंदाचा दोस्त. मग त्याला दूर धरून म्हणाली, "येईन. पण आधी लिबोरला आणायला जायचं, तू आणि मी."

बोहौशने बाहीने नाक पुसलं आणि तिच्याकडे पाहिलं. खरोखरच काही न कळून पाहिलं.

"कोण लिबोर?"