सांध्यावरचं माप

आमच्याकडे साखरपुड्याच्या अंगठीचं माप दोऱ्यानं येतं. मुलीच्या बोटाला दोरा गुंडाळून गाठ मारायची, त्याला हळद लावायची आणि कागदाच्या पुडीत घालून तो मुलाच्या घरी पाठवायचा. मुलीनं स्वतः दुकानात यायचं नाही. ती तासन् तास फोनवर बोललेली चालते, पण अंगठी घ्यायला सोबत आलेली चालत नाही. असं का, हे विचारायचीही सोय नाही.

तो दोरा माझ्या होणाऱ्या बायकोच्या गावाहून, ईटहून, आमच्या बेंबळीला आला आणि मला तिचं बोट आठवलं.

तिच्या डाव्या हाताचं करंगळीशेजारचं बोट लहानपणी कडबा कुट्टीच्या यंत्रात सापडलं होतं. बोट वाचलं, पण मधला सांधा जाड आणि जरा वाकडा राहिला. मुलगी बघायच्या कार्यक्रमात तिनं तो हात पदराखाली ठेवला होता, आणि आमच्या बाजूच्या कुणाच्याच ते लक्षात आलं नाही. पुढे फोनवर तिनंच मला सांगितलं. "आधीचं एक स्थळ यावरूनच मोडलं. तुम्हाला अंधारात ठेवायचं नाही. घरी कधी सांगायचं ते तुम्ही बघा." मी म्हणालो, लग्न झाल्यावर सांगू.

मला भीती होती ती आत्यांची. आत्या म्हणजे वडिलांची थोरली बहीण. घरातलं प्रत्येक लग्नकार्य त्यांच्या शब्दावर ठरतं. माझ्या चुलतभावाचं जमत आलेलं लग्न त्यांनी मुलीच्या कपाळावर केसांचा भोवरा दिसला म्हणून मोडलं होतं. भोवऱ्यावरून जे घर मागं फिरलं, ते वाकड्या बोटाला काय म्हणेल, हे सांगायला मला ज्योतिषी नको होता.

धाराशिवला सराफाच्या दुकानात आम्ही तिघं गेलो, आई, आत्या आणि मी. आत्यांनी बटव्यातून पुडी काढली. सराफानं दोऱ्याचा वेढा मापाच्या दांडीवर सरकवला आणि त्या मापाच्या अंगठ्या समोर मांडल्या. पांढऱ्या खड्यांचं छोटं फूल असलेली एक अंगठी आत्यांना बघताक्षणी आवडली. खरं तर मलाही आवडली. पण माप कुठून घेतलं असेल, हे डोक्यातून जाईना. मी खाली बघत तिला मेसेज केला. तिनं तो वाचल्याचं दिसलं, उत्तर मात्र येईना. आत्या तोवर अंगठी उजेडात धरून फिरवून बघत होत्या.

मग उत्तर आलं. "आईनं बोटाच्या मुळाशी घेतलंय. सांध्याचा विषयच तिला काढायचा नव्हता. त्या मापाची अंगठी सांध्यावरून जाणार नाही."

"हीच, पण थोडी मोठी बघू," मी म्हणालो.

"कशापायी?" आत्या म्हणाल्या. "माप आलंय न्हवं?"

"आता सैलच घालतात, आत्या. फॅशन आहे."

"गळून पडायची फॅशन व्हय? पयल्याच दिवशी अंगठी गळली तर लोक काय म्हंतील?"

"उन्हाळ्यात बोटं सुजतात."

"साखरपुडा थंडीत हाय."

सराफाला गप्प बसवेना. "माप अगदी बरोबर आहे, साहेब. दोऱ्यात फरक पडत नाही," तो म्हणाला. तो दोरा उचलून त्याच्याच गळ्याला गुंडाळावा, असं मला वाटलं. आई माझ्याकडे टक लावून बघत होती. तिला कसला तरी वास लागला होता. तिनं तिथंच खोदून विचारलं असतं तर माझ्या तोंडून सगळं बाहेर पडलं असतं.

"अंगठी तिच्या बोटात मी घालणार आहे," मी जरा चढ्या आवाजात म्हणालो. "मी म्हणतो तीच घ्यायची."

आमच्या घरात आत्यांशी असं कुणी बोलत नाही. त्यांनी बटव्याची नाडी ओढली. "घ्या मग. मला कशाला आणलं?" परतताना एसटीत त्या सबंध वाट खिडकीबाहेर बघत बसल्या. अंगठी माझ्या खिशात होती, दोन नंबर मोठी, आणि माझा जीव तिच्यात अडकला होता.

साखरपुडा ईटला, तिच्या दारातल्या मांडवात झाला. अंगठी सांध्यापाशी जरा अडली, मी अंगठ्यानं हलकेच दाब दिला आणि ती आत गेली. मी श्वास सोडला. पण मुळाशी पोचल्यावर ती फिरली आणि खडे तळहाताकडे गेले.

"म्या काय म्हनलं हुतं?" आत्या उठल्याच. सैल अंगठीला खालून दोरा गुंडाळायचा, हे आमच्याकडे घरोघरी करतात. त्यांनी तर तोच हळदीचा दोरा बटव्यातून आणला होता. तिच्यासमोर बसून त्यांनी तिचा हात हातात घेतला आणि अंगठी काढायला ओढली. ती सांध्यावर अडकली. त्यांनी पुन्हा ओढली. तिच्या कपाळावर आठी उमटली.

"आत्या, राहू द्या," मी म्हणालो.

तेव्हा ती बोलली. आवाज मोठा नव्हता, पण सगळ्यांना ऐकू गेला. "आत्या, ओढू नका. बोट कडबा कुट्टीत गेलं होतं, तवापासून सांधा मोठा हाय. यांना ठावं हाय. म्हणून तर यांनी मोठी आणली."

तिच्या आईनं मान खाली घातली. माझी आई माझ्याकडे बघत होती. आत्यांनी हात सोडला नव्हता. त्या अंगठ्यानं सांधा चाचपत होत्या, एकदा वरून, एकदा खालून. सोयरीक मोडली, असं मी मनाशी धरूनच चाललो होतो.

"लई दुखलं आसंल," आत्या म्हणाल्या.

"तवा दुखलं होतं," ती म्हणाली.

आत्यांनी मान वळवून माझ्याकडे बघितलं. "आन तू मला फॅशन शिकवत हुतास." मग दोऱ्याची गाठ त्यांनी दातानं सोडली आणि अंगठी बोटातच ठेवून खालून एकेक वेढा घालत गेल्या. फूल वर आलं, पुन्हा फिरेना, तेव्हा त्यांनी गाठ मारली.

"आता हात वर धर," त्या तिला म्हणाल्या. "फोटूत नीट दिसू दे."

तिनं पदर बाजूला सारला आणि तो हात सगळ्या मांडवासमोर वर धरला.