आखणीआधीचा डाव

सांगा आबा, सांगा आबा! कारखान्यात नवीन माणूस आला की अक्का मला स्टुलावर बसवते आणि तेच तेच बोलायला लावते. मी काय टेपरेकॉर्डर आहे? चौथीत शाळा सोडलेला माणूस, मला गोड बोलता येत नाही. पण पिंप्राळ्यातल्या गणपतीच्या कारखान्यात जन्म काढला की किस्से प्लास्टरच्या भुकटीसारखे अंगावर साचतात. झटकले तरी जात नाहीत. घ्या.

*

माझं काम आखणीचं. म्हणजे मूर्तीचे डोळे काढायचे, सगळ्यात शेवटी. आणि डोळ्याला ब्रश लावायच्या आधी मी अंगणात गोट्यांचा एक डाव खेळतो. एकदा धुळ्याचं गिऱ्हाईक आलं. "मोठे कारागीर कुठंयत?"

अक्का म्हणाली, "तुमना टेम्पोखाले शे!"

खरंच होतो. गोटी चाकामागं गेली होती. तिथूनच ओरडलो, "टेम्पो हलवू नका, माझा नेम चालू आहे!"

*

अक्का म्हणजे मालकाची मोठी बहीण. मूर्ती आतून पोकळ असते, तिचं बूड बंद करायचं काम अक्काचं. गोट्यांत माझी भिडू. हरली की दिवसभर माझ्या चहात साखर नाही!

तिनंच एकदा विचारलं, "आबा, या वयात हे काय?"

म्हटलं, "गोटी मारताना बोट घाबरत नाही, चुकली तर चुकली. मूर्तीसमोर घाबरतं. म्हणून आधी त्याला खेळवून आणतो."

*

मालक लोटन मात्र घड्याळवाला. गेल्या साली ऐन घाईत त्यानं माझी गोट्यांची पिशवीच लपवली. "आधी डोळे, मग खेळ!"

काढले. पट्टीनं मापल्यासारखे! धुळ्याच्या त्याच गिऱ्हाईकाची म्हातारी आई मूर्तीसमोर इकडून तिकडं फिरली आणि म्हणाली, "हा तर कोणाकडंच बघत नाही." मूर्ती घेतलीच नाही.

लोटन सगळ्यांसमोर बोलला, "आबा, हात गेला तुमचा. धरणगावच्या मंडळाची मोठी मूर्ती बिघडली, तर ब्रश खाली ठेवा. कायमचा."

*

चतुर्थीची सकाळ. धरणगावचा ट्रॅक्टर दारात, ताशा वाजतोय, मूर्ती आंधळी. मी ब्रश दोनदा रंगात बुडवला, दोनदा पुसून खाली ठेवला.

अक्का भावावर ओरडली, "पिशवी कोठे शे?"

लोटन मोठ्या गणपतीकडं बघत राहिला. पांढरा पडला. पिशवी त्यानं मूर्तीच्या पोटात लपवली होती, आणि अक्कानं आत न बघता बूड बंद केलं होतं!

फोडावं तर मूर्ती जाते. लोटन मोटारसायकल काढून नव्या गोट्या आणायला पळाला. तीन दुकानं फिरून हात हलवत आला. ताशा थांबला. मंडळाचा अध्यक्ष आत आला. "आबा, झालं का?"

मी मूर्तीला हात लावला, जराशी कलती केली. पिशवीचं तोंड सुटलं असावं. आत गोटी घरंगळली. टक्! दुसरीला लागली.

"अक्का," म्हटलं, "तुझा डाव!"

तिनं तिकडून कलती केली. टक्! टक्! मला हसू फुटलं. त्याच हसण्यात ब्रश उचलला आणि दोन्ही डोळे काढून टाकले.

पोरांनी मूर्ती उचलली तर पोटात खडखड! अध्यक्ष दचकला. "आबा, आत काय वाजतंय?"

"मोदक!"

मूर्ती वर चढली तसा तो ट्रॅक्टरभोवती तीनदा फिरला. "कुठंही उभं राहा, हा आपल्याकडंच बघतोय!"

मालक शेजारीच उभा होता. 'हात गेला' सगळ्यांसमोर बोलला होता, माफीही सगळ्यांसमोरच पाहिजे. अजून मागितलेली नाही. लोटननं!