मोराच्या पिसांना धार होती

खालापूरच्या रस्त्याकडेला भंगारातल्या पत्र्याचा मोर उभा राहिला. त्याच्या उद्घाटनाला तो पत्रा वेचणाऱ्या चांगुणाबाईला कुणी बोलावलं नाही. माझं डोकं फिरलं. बोलावणं गेलं खड्ड्यात, म्हटलं, आणि दुसऱ्या दिवशी तिला कुंभिवलीहून घेऊनच आलो.

ही साठीची बाई वीस वर्षं भंगार वेचते. तेलाचा डबा फाडला की दगडाने ठोकून कडा आत दुमडायची, मगच तो पुढे द्यायचा, ही तिची रीत. घेणाऱ्याचा हात कापू नये म्हणून. मोरासाठी चार महिने तिने असाच पत्रा दिला होता.

मोराजवळ पाटी होती, हात लावू नये. बाई सरळ पिसारा चाचपायला लागली.

"ओ मावशी, वाचता येत नाय का?" वॉचमन धावत आला.

"येतं की. पन पाटीच्या आधीपासून माजा हात लागलाय ह्याला." खालच्या आठ पिसांपाशी ती थांबली. "ही नंतर कोनी कापली रं? कडा तशाच ठेवल्यात. पोरं हितंच हात लावनार."

"शोभेचं हाय ते."

"मग फिरव तुजा अंगठा."

त्याने हात मागे घेतला. बाईने दगड उचलला आणि पहिलं पीस ठोकायला बसली.

"सायबांना फोन लावतो हां!"

"लाव. सांग, चांगुणा गायकवाड मोर ठोकतेय. येताना हातोडी आना म्हनावं, अजून सात पिसं हायत."