लाल कव्हराचं पुस्तक आणि सुभेदारांची कुसुम

पुस्तकं देणं-घेणं म्हणजे शांतपणाचं काम, असं ज्याला वाटतं त्यानं गावच्या वाचनालयात आठ दिवस बसून दाखवावं! मी बारा वर्षं बसलो. कडेगावच्या अलीकडं आमचं गाव. तालमीला लागून एक खोली, त्यात चार कपाटं. पुस्तक नेताना माणूस गप असतो आणि परत आणताना भांडायला येतो. त्यातली निम्मी भांडणं एकट्या एका पुस्तकानं लावली.

दुष्काळ सरला त्या वर्षीच्या खरेदीत ते आलं. कॉलेजातल्या पोरापोरींसाठी लिहिलेली कादंबरी. नायक देखणा, पण माणसांचं रक्त पिणारा, आणि नायिका त्याच्याच प्रेमात! लाल कव्हर बघून यादीत मीच खूण केली होती, कबूल करतो. वाचलं मात्र नव्हतं. मला भुताची भीती वाटते, त्यात लाज कसली?

*

पहिलं ते नेलं सुभेदारांनी. पलटणीतून पेन्शनीत आलेले आणि आमच्या कमिटीवर बसलेले. तिसऱ्या दिवशी अर्ध्यातूनच आणून टेबलावर आपटलं.

"मास्तर, ह्यो हीरो किती वर्सांचा हाय?"

"शंभर, असं मागं छापलंय."

"आणि शिकतोय कुठं?"

"कॉलेजात. पहिल्या वर्षाला."

"शंभर वर्सं झाली आणि अजून पहिल्याच वर्साला? मग नापास किती डाव झालाय, ते लिवलंच न्हाई की! पलटणीत असल्याला पहिल्या परेडलाच हाकलला असता!"

मी विचारलं, "तो रक्त पितो, त्याचं काही वाटलं नाही?"

"ते ऱ्हाऊ द्या ओ. शिस्तीचं बोला!"

*

मळ्यातल्या आक्कांना स्वतःला वाचता येत नव्हतं. त्या धान्य निवडायच्या आणि सून वाचून दाखवायची. निम्म्यात पुस्तक बंद करायला लावून त्या तणतणत वाचनालयात आल्या.

"आवं, दिसभर झोपतंय, रातभर हिंडतंय. शेत न्हाई, नोकरी न्हाई. असल्याला पोरगी देणारा बाप तरी कसला म्हणायचा?"

"आक्का, गोष्ट आहे ती."

"गोष्ट असली म्हणून काय झालं? चौकशी नको करायला?"

रागारागानं पायरी उतरल्या आणि तिथंच थांबल्या. मागं वळून म्हणाल्या, "एक हाय पर. आमच्या उसाच्या पाण्याची पाळी रातचीच येती. रातभर जागणारा जावई लय कामाचा बघा!"

*

प्रत्येक पुस्तकाच्या मागच्या पुठ्ठ्याला मी एक कोरा कागद डकवायचो, वाचकांच्या अभिप्रायासाठी. माझीच कल्पना, आणि माझ्याच डोक्याला ताप! या पुस्तकावर एकानं लिहिलं, 'भूत ही अंधश्रद्धा आहे.' खाली दुसऱ्यानं, 'आमच्या विहिरीवर आहे. येऊन बघावे.' त्याखाली पहिल्यानं, 'येतो. चहाची सोय आहे का?' सार्वजनिक पुस्तक आहे का चावडी!

त्याखाली मात्र गोल, स्वच्छ अक्षरात लिहिलेलं होतं, 'नायिकेचं म्हणणं ऐकून घेणारा पहिला माणूस भूत निघाला. जिवंत माणसं गावात काय कमी होती? याचा मला फार राग आला.'

मी ते तीनदा वाचलं. सुभेदारांनी एकदाच वाचलं आणि अक्षर ओळखलं. अक्षर त्यांच्या कुसुमचं होतं.

कुसुम अकरावीला होती. भावाला न पाठवता स्वतः येऊन पुस्तक निवडणारी गावातली ती एकटी मुलगी. सुभेदारांच्या घरात पंचांग सोडलं तर छापील काही नव्हतं. आणि हेच सुभेदार मला म्हणाले, "तिचं कार्ड रद्द करा. भुतं डोक्यात शिरली पोरीच्या!" माझं डोकंच फिरलं. भूत माणसांचं रक्त पितं ते बापाला चालतं, पोरीनं एक ओळ लिहिली की कार्ड रद्द!

*

आता माझाही एक नियम सांगतो, नाहीतर म्हणाल मास्तर पोरीच्या बाजूचा. भिंतीवर मी रंगानं लिहून ठेवलं होतं, 'पान फाडणाऱ्याचे सभासदत्व कायमचे रद्द.' शेजारच्या तालमीतल्या एका पैलवानानं पुस्तकाच्या पानात खारीक-बदाम बांधून नेले, तर त्याचं नाव मी काढलं. पैलवान दारात उभा राहून दंड चोळत होता, तरी काढलं! या बाबतीत मी देवाचंसुद्धा ऐकलं नसतं.

*

कमिटी बसली. विषय दोन. लाल पुस्तक कपाटातून काढणे आणि कुसुमचं कार्ड रद्द करणे. कुसुम न बोलावता आली आणि दाराशी, बरोबर त्या नियमाखाली, वही छातीशी धरून उभी राहिली.

अध्यक्ष आप्पा म्हणाले, "असलं पुस्तक मी हातात धरत न्हाई. मास्तर, आक्षेपार्ह तेवढं वाचा, कागदोपत्री ऱ्हाईल."

मी भीतभीत वाचायला लागलो. एक प्रकरण झालं. आप्पा म्हणाले, "ह्याच्या फुडचंबी आक्षेपार्हच असंल. वाचा." चहा दोनदा आला. सुभेदार खुर्चीच्या टोकाला आले होते. घाटावर नायिका उभी, समोर तो, मागं बाप बंदूक घेऊन धावतोय, ती तोंड उघडते आणि म्हणते...

पान उलटलं तर पुठ्ठाच! शेवटची दोन पानं गायब.

"काय म्हणती?" आप्पा ओरडले.

"आवं, बापानं गोळी झाडली का न्हाई?" सुभेदार उठून उभेच राहिले. "शेवट कुणी वाचलाय का हितं?"

"मी वाचलाय," दारातून कुसुम म्हणाली.

"मग सांग की गं!" सुभेदार म्हणाले.

"कार्ड रद्द झालेल्या माणसानं वाचनालयात बोललेलं चालतं का, आबा?"

आप्पांनी सुभेदारांकडं बघितलं. सुभेदारांनी मिशीवरून हात फिरवला. पोरीकडं बघायचं मात्र टाळलं.

"मास्तर," ते म्हणाले, "त्या दुसऱ्या विषयावर काट मारा."

मी काट मारली. दोघांनी सह्या केल्या. कुसुमनं पुढं येऊन सह्या नीट वाचल्या. मग परत दाराशी जाऊन तिनं वही उघडली आणि आतून घडी घातलेली दोन छापील पानं काढली.

आप्पांनी माझ्याकडं बघितलं. सुभेदारांनी माझ्याकडं बघितलं. मी तिच्या डोक्यावरच्या भिंतीकडं बघितलं.

मग उठलो, तिला माझी खुर्ची दिली आणि म्हटलं, "वाच, पोरी. जरा मोठ्यानं वाच."